ज्यांच्यासाठी मी प्रार्थना करत होते

मी ख्रिस्ती कशी झाले असं कुणी विचारलं की लोकांना आजारपणाची गोष्ट हवी असते. डॉक्टरांनी हात टेकले, मग कुणीतरी प्रार्थना केली आणि पेशंट उठून बसला, अशी. माझ्याकडे तसं काही नाही. आमच्या घरात कुणी आजारी नव्हतं. पडल्या होत्या त्या वरच्या मजल्यावरच्या आंटीजी, आणि त्यांचाही फक्त हात मोडला होता.

आम्ही चंदीगडला बदलून आलो तेव्हा मुलगी चौथीत होती. माझं माहेर सांगलीचं, सासर अमरावतीचं. नवरा केंद्र सरकारच्या एका खात्यात इंजिनिअर. सरकारी इमारतींची देखभाल-दुरुस्ती हे त्यांचं काम. आधी भोपाळ, जोधपूर करून झालं होतं. इथे तळमजल्याचं क्वार्टर मिळालं, पुढे छोटी बाग, मागे अंगण. देवधर्म आमच्याकडे सवयीपुरता होता. हे तर मराठी मंडळाच्या गणपतीतही उघड सांगायचे, "मी इथे मोदकांसाठी येतो. देव वगैरे मी मानत नाही, कुठलाच."

दुसऱ्या वर्षी सासरे गेले. अमरावतीच्या फ्लॅटमध्ये सासूबाई एकट्या राहिल्या. दिवसकार्य आटोपून आम्ही परतलो आणि महिनाभराने एका दुपारी त्यांचा फोन आला. मी पालक निवडत होते.

"मी काय म्हणते," त्या म्हणाल्या, "मी तुमच्याकडे येऊ का राह्यला? इथं घर खायला उठते."

सासूबाई वाईट नव्हत्या, हे सांगायला हवं. कडक होत्या. लग्नानंतरची तीन वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली होती. त्या स्वयंपाकघरात कुठला डबा कुठे ठेवायचा हे त्या ठरवायच्या, आणि माझ्या हातून डाळीचा डबा तिखटाच्या जागी गेला तर काही न बोलता उचलून परत ठेवायच्या. ते न बोलणं मला बोलण्यापेक्षा जास्त लागायचं. बदल्या सुरू झाल्यावर मला पहिल्यांदा माझं स्वतःचं स्वयंपाकघर मिळालं होतं. त्या दुपारी मी फार विचार केला असंही नाही. तोंडातून आपोआप आलं, "आई, मला तर आवडेलच. पण हे म्हणतात, इथली थंडी तुम्हाला झेपायची नाही. बदलीचाही नेम नाही. तुमचे उगाच हाल होतील."



"तो म्हणाला असं?"

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी नवऱ्याला मी सांगितलं, "आईंचा फोन होता. मी म्हटलं, या इकडे. पण त्यांना अमरावती सोडवत नाहीये. सोडायची वेळ आलीच तर नागपूरला धाकट्यांकडे जातील म्हणाल्या. तिथे त्यांना जास्त बरं वाटतं."

हे बूट काढत होते. "असं म्हणाली?" त्यांनी विचारलं. अगदी आईसारखंच.

मायलेक एकमेकांना विचारतील आणि मी उघडी पडेन, अशी भीती मला दोन-तीन महिने होती. पण त्या घरात मनातलं विचारायची रीतच नव्हती. सासूबाई नागपूरला धाकट्या मुलाकडे गेल्या. तिथे दोघंही नोकरीवर, नातू वसतिगृहात. त्या सहाव्या मजल्यावर दिवसभर एकट्या. इकडे नवऱ्याचे फोन कमी होत गेले. रविवारचा फोन महिन्यातून एकदा, मग सणाला. आई आपल्यापेक्षा धाकट्याला जवळ करते हे त्यांच्या मनात बसलं, आणि मोठा मुलगा आपल्याला टाळतो हे सासूबाईंच्या. मला ते दिसत होतं. मी त्याला 'त्यांचा स्वभाव' म्हणायला लागले, आणि थोड्या दिवसांनी मलाही ते तसंच वाटायला लागलं.

आंटीजी वरच्या मजल्यावरच्या कारकुनाच्या आई. गुरदासपूरकडच्या, निवृत्त नर्स, पंजाबी ख्रिस्ती. जिन्यात पडून त्यांचा उजवा हात मोडला, आणि त्याच सुमारास मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललं गेलं होतं. मुलगा-सून कामावर. मी दुपारी त्यांना जेवण गरम करून द्यायला जाऊ लागले. चौथ्या-पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, "बेटा, तुला हिंदी वाचता येतं ना? मला रोज थोडं वाचून दाखवशील? माझा दिवस त्याशिवाय सुरू झाल्यासारखा वाटत नाही."

मला वाटलं होतं मासिक असेल. त्यांनी उशाखालून त्यांचं शास्त्र, म्हणजे हिंदी बायबल काढलं.

नाही म्हणायचं काही कारण नव्हतं. मी अडीच महिने वाचलं. रोज अर्धा तास, त्या सांगतील तिथून. त्यांनी मला एकदाही समजावलं नाही, 'तुला काय वाटतं' असं विचारलं नाही. मध्येच डोळे मिटून म्हणायच्या, "हे परत वाच." मी परत वाचायची. वाचत होते त्यांच्यासाठी, पण आवाज माझाच होता आणि तो माझ्या कानावर पडत होता. येशू लोकांशी बोलतो ती पद्धत मला आवडायला लागली. तो कुणाला फसत नव्हता. माणसं त्याच्याकडे एक प्रश्न घेऊन यायची आणि तो दुसऱ्याच, त्यांनी लपवलेल्या गोष्टीवर बोट ठेवायचा. मला ते वाचायला मजा यायची, कारण बोट दुसऱ्यांवर होतं.

आंटीजींचं प्लास्टर निघालं, डोळाही झाला. माझं काम संपलं. पुढच्या सोमवारी दुपार झाली आणि मला कसंतरी व्हायला लागलं, जसं चहा सोडलेल्या माणसाला होतं. मी वर गेले आणि ते पुस्तक मागून आणलं. पुढे पुण्याहून मराठीतलंही मागवलं.

जानेवारीतली एक दुपार. मागच्या अंगणात ऊन होतं, मी मटार सोलत होते. आठ दिवस धुकं होतं, त्या दिवशी ते विरलं होतं. मी हातातलं थांबवलं नाही. पण मनात बोलायला लागले, त्याच्याशी, म्हणजे येशूशी. तुम्ही खरे आहात, असं काहीतरी. मग लक्षात आलं की मी त्याला 'तुम्ही' म्हणतेय, साहेबाला म्हणावं तसं, आणि मला हसू आलं. मी म्हटलं, तू खरा आहेस. मला तुझी व्हायचंय. बस, एवढंच. प्रकाश दिसला नाही, डोळ्यांत पाणी आलं नाही. मटार सोलून झाले. संध्याकाळी मुलगी शाळेतून आल्यावर तिच्यावर ओरडलेसुद्धा. पण त्या दुपारनंतर मी एकटी अशी कधी राहिले नाही, आणि याचा मला नेहमी आनंदच झाला असंही नाही.

नवऱ्याला सांगायला मला तीन महिने लागले. मी रविवारी सकाळी आंटीजींबरोबर त्यांच्या छोट्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जायला लागले होते आणि घरी 'आंटीजींना सोबत' म्हणून सांगत होते. शेवटी चहा देताना सांगून टाकलं.

ते आधी हसले. मग विचारलं, "म्हणजे गंमत नाही?"

"नाही."

"धर्म बदलणार?"

"माझं मन बदललंय. ते आधीच झालंय."

ते बराच वेळ कपातला चहा ढवळत बसले. त्यात साखर नव्हती. ते बिनसाखरेचा घेतात. मग म्हणाले, "माझा आक्षेप येशूला नाही. मी कुणालाच मानत नाही, त्यामुळे मला सगळे सारखे. ऑफिसात कुणी विचारलं तर बघू. एकच सांगतो, माझ्यावर प्रयोग करू नकोस."

मी तेच केलं. नवीन मुसलमान जोरात बांग देतो म्हणतात, तशी माझी गत. त्यांच्या डब्याच्या पिशवीत एक पत्रक ठेवलं. संध्याकाळी त्यांनी ते घडी घालून ओट्यावर ठेवलं. "हे पोळ्यांबरोबर आलं होतं. चुकून आलं असेल." गाडीत भक्तिगीतं लावली, त्यांनी आवाज न करता बंद केली. रविवारी निघताना मी मुद्दाम दारात रेंगाळायची, ते 'मी येतो' म्हणतील म्हणून. ते म्हणायचे, "किल्ली घेतलीस ना?"

मंडळीतल्या बायकांमध्ये तिघी-चौघींचे नवरे येशूवर विश्वास ठेवणारे नव्हते. त्या प्रार्थनेची वही ठेवायच्या. मीही ठेवली. एका पानावर नवऱ्यासाठी. हे कमी बोलतात, यांना बोलकं कर. हे अहंकारी आहेत, यांना नम्र कर. क्रमांक घालून लिहायची मी, आणि रोज सकाळी एकेक वाचून दाखवायची. नवरा सरकारी नोकरीत असला की बायकोलाही कळतं, कुठल्या कामाचा अर्ज कुणाकडे करायचा. मी वरच्या साहेबाकडे अर्ज करत होते, आणि उत्तर येत नाही म्हणून स्मरणपत्रं पाठवत होते.

एका रविवारी सकाळी ते गॅसचं पुस्तक शोधत होते. ते मिळायच्या आधी त्यांना वही मिळाली. मी न्हाणीघरातून आले तर ते खुर्चीत बसून वाचत होते.

"हे काय आहे?"

"प्रार्थनेची वही."

"प्रार्थना कसली? हा माझा गोपनीय अहवाल आहे," ते म्हणाले. रागावून नाही. एक बोट पानावर ठेवलेलं होतं. "यातली ही एक ओळ मात्र खरी आहे."

मी वाकून पाहिलं. 'यांचं मन कठीण झालंय. स्वतःच्या आईचीही विचारपूस करत नाहीत. ते मन मऊ कर.'

"मी तिची चौकशी करत नाही, कबूल," ते म्हणाले. "पण तिला माझ्याकडे यायचंच नव्हतं. त्याला मी काय करू?"

तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी हे शब्दांत सांगितलं. माझ्या केसांतून पाणी टपकत होतं. तोंड उघडायला ती वेळ होती, आणि मी म्हटलं, "गॅसचं पुस्तक टीव्हीखालच्या खणात आहे."

ती ओळ लिहिताना माझा हात अडखळला नव्हता, हे कुणाला खरं वाटणार नाही. मी मनापासून लिहिली होती. त्यांच्या आईपासून त्यांना मी तोडलं होतं, आणि मीच रोज सकाळी देवाला सांगत होते की बघ, हा माणूस किती कोरडा आहे. आणि ऐकणारा रोज ऐकून घेत होता.

त्यानंतर ती वही उघडवेना. उघडली की तीच ओळ. प्रार्थनेला बसलं की पालकाची जुडी डोळ्यांसमोर. मी स्वतःला समजावलं की जुनी गोष्ट आहे, आता सांगून दोघांना दुखवण्यात काय अर्थ. आपण बदललो आहोत ना, पुरे. असले विचार फार शहाणे वाटतात.

ईस्टरला बाप्तिस्मा घ्यायचा मी ठरवलं होतं. पास्टर वयस्क होते, पूर्वी शाळामास्तर. ते प्रत्येकाशी वेगळं बोलून घ्यायचे. प्लास्टिकच्या दोन खुर्च्या, मध्ये चहा.

"घरी माहीत आहे?" त्यांनी हिंदीत विचारलं.

"हो जी."

"आमच्याकडे लपूनछपून काही होत नाही. पतीला ठाऊक असेल, मगच."

"त्यांना ठाऊक आहे."

"आणि तुमच्या दोघांत काही झाकलेलं आहे का?"

मास्तरांची सवय असावी. त्यांनी प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट पाहत राहिले. चहावर साय धरली. मी सगळं सांगितलं. फोन, थंडी, बदली, नागपूर. सांगून झाल्यावर मला हलकं वाटलं, आणि ते आता काहीतरी धीराचं बोलतील म्हणून मी थांबले.

ते म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? माझी आई नाही ती."

मी कपातली साय बोटाने बाजूला केली.

"बाप्तिस्म्याची घाई नाही," ते उठत म्हणाले. "पाणी कुठे जात नाही."

फेब्रुवारीच्या शेवटी एका शनिवारी नवऱ्याला मुल्लानपूरला एका नव्या कार्यालयाचं बांधकाम बघायला जायचं होतं. मी म्हटलं, मीही येते. त्यांना आश्चर्य वाटलं, पण ते 'चल' म्हणाले. शहर मागे पडल्यावर रस्त्याच्या एका बाजूला अर्धवट उभे टॉवर आणि दुसऱ्या बाजूला गुडघाभर गहू. त्यांनी नुकतंच सांगितलं होतं की दोन वर्षांत हा गहू इथे दिसणार नाही. मी म्हटलं, "मला तुम्हाला एक सांगायचंय. आईंबद्दल. गाडी चालवताना ऐकू नका."

त्यांनी गाडी कडेला घेतली. मी सांगितलं.

"परत सांग," ते म्हणाले.

मी परत सांगितलं.

"नागपूरला बरं वाटतं, हेही तूच?"

"हो. त्या तसं काही म्हणाल्या नव्हत्या. त्यांनी विचारलं होतं, येऊ का म्हणून."

ते उतरले. गव्हाच्या बांधावरून चालत लांब एका ट्यूबवेलपर्यंत गेले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. वीस मिनिटं तरी. मी गाडीत बसून होते. त्या वेळी मी प्रार्थना केली नाही. केली असती तर ती पुन्हा माझ्यासाठीच झाली असती.

ते परत आले, गाडी सुरू केली. "साइटवर लोक थांबलेत." साइटवर त्यांनी तासभर काम केलं, कुणाशी तरी सळयांच्या अंतरावरून वाद घातला. मी गाडीतच बसले. परतताना अर्ध्या रस्त्यात त्यांनी विचारलं, "आत्ता का सांगितलंस?"

"खोटं होतं म्हणून."

"ते तेव्हाही खोटंच होतं."

"तेव्हा मला चालत होतं."

 पुढे अकरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. डबा न्यायचे नाहीत. हो आणि नाही, एवढंच. मुलगी तोवर आठवीत गेलेली. ती मराठीत ऐकते आणि हिंदीत उत्तर देते. तिने मला स्वयंपाकघरात गाठलं. "मम्मी, आप दोनों का ब्रेकअप हो गया क्या?" मी तिलाही खरं सांगितलं. तिने आजीला दहा वर्षांची असताना शेवटचं पाहिलं होतं. ती म्हणाली, "दॅट्स रिअली बॅड, मम्मी," आणि तिच्या खोलीत निघून गेली. त्या आठवड्यात आमच्या घरात माझ्याशी नीट बोलणारं कुणी नव्हतं, आणि त्यांचं चुकत होतं असं मला म्हणता येत नव्हतं.

बाराव्या दिवशी सकाळी नवऱ्याने फोन जेवणाच्या टेबलावर ठेवला. स्पीकर लावलेला. "तूच सांग तिला," ते म्हणाले.

रिंग गेली. सासूबाईंचा आवाज थकलेला होता. मी सांगितलं. या वेळी मध्ये थांबले नाही, रडलेही नाही. रडले असते तर त्यांनाच माझी समजूत घालावी लागली असती. "ते कधीच नको म्हणाले नव्हते, आई. त्यांना मी विचारलंच नव्हतं. मी खोटं बोलले. मला माफ करा असं म्हणायलाही मला लाज वाटते, पण म्हणते."

पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता. तो बंद झाला.  मग त्यांनी विचारलं, "तिकडं थंडी खरंच किती असते?"

नवऱ्याने फोन उचलला आणि ते बाहेर बागेत गेले. खिडकीतून मला फक्त त्यांची पाठ दिसत होती, हलताना. ते रडत होते हे मला नंतर मुलीने सांगितलं.

ते स्वतः नागपूरला जाऊन आईला घेऊन आले. सामान फारसं नव्हतं. दोन बॅगा आणि स्टीलच्या एका गोल डब्यात, मऊ फडक्यात गुंडाळलेले त्यांचे देव. पहिला आठवडा त्या माझ्याशी पाहुण्यासारख्या वागल्या. मग एका दुपारी मला समोर बसवलं.

"मी तुझ्यावर रागावले नाही असं नको समजू," त्या म्हणाल्या. "पण ते आत्ता. आधीची तीन वर्षं मी त्याच्यावर रागावले होते. पोटच्या पोरावर. ती तीन वर्षं तू मले परत देशील?"

"नाही, आई."

"नाहीच देता येणार." त्यांनी गुडघ्यांवर हात टेकले आणि उठल्या. "मग निदान डबे माझ्या पद्धतीनं लावू दे."

लावले. आता आमच्याकडे तिखट डाळीच्या शेजारी असतं.

त्यांच्या देवांवरून मंडळीतली एक बाई मला म्हणाली होती की विश्वासणाऱ्याच्या घरात हे चालू देऊ नकोस. मी ऐकून घेतलं. पण एकदा खोटं बोलून ज्या बाईला मी घराबाहेर ठेवलं, तिला आता खऱ्याच्या नावाने दारात अडवायचं, हे माझ्याच्याने होणार नव्हतं. त्यांच्या खोलीत पूर्वेकडे एक फळी ठोकून दिली. सकाळी बागेतली जास्वंद मी तोडून त्यांना देते. हात जोडत नाही. त्यांनी पहिल्या दिवशी ते पाहिलं आणि परत कधी पाहिलं नाही असं दाखवलं.

बाप्तिस्मा ईस्टरनंतर दोन महिन्यांनी झाला, चर्चच्या मागच्या टाकीत. नवऱ्याने सांगितलं होतं, "माझी हरकत नाही. मी येणार नाही." मुलगी टॉवेल घेऊन आली. त्या वेळी ते सेक्टर बावीसच्या बाजारात आईसाठी मऊ तळव्यांच्या चपला शोधत होते. मी ओल्या केसांनी घरी आले तेव्हा सासूबाई त्या घालून व्हरांड्यात फेऱ्या मारत होत्या.

"झालं का तुझं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"सर्दी होईल. केस पूस."

वही मी बंद केली. प्रार्थना सोडली नाही, पण यादी संपली. त्यांच्यात काय बदलायचं ते मला ठाऊक आहे, ही खात्री गेली होती. एकदा सकाळी डोळे मिटून बसले असताना सासूबाई समोर येऊन बसल्या. डोळे उघडल्यावर म्हणाल्या, "रोज एवढा वेळ काय मागतेस?"

"जास्त करून यांच्यासाठी. त्यांना देव भेटावा म्हणून."

"त्याच्यासाठी मी पन्नास वर्षं मागते आहे," त्या म्हणाल्या. "नवस झाले, उपास झाले. तो सातवीत असताना मला म्हणाला, आई, मूर्तीला ऐकू येत नाही. बघ तुझ्याच्यानं काही होते का." आणि मग, जरा वेळाने, "माझ्यासाठीही मागत जा. गुडघे."

मागते.

नवऱ्याने त्या शनिवारचा विषय एकदाच काढला, वर्षभराने. आम्ही सेक्टर सतरामध्ये बँकेचं काम करून बाहेर बाकावर बसलो होतो. ते म्हणाले, "तुझा येशू आहे की नाही, मला माहीत नाही. पण त्या दिवशी तू जे सांगितलंस ते तुझ्या स्वभावात नव्हतं. मी तुला वीस वर्षं ओळखतो. तू चूक कबूल करणारी बाई नाहीस."

"नाहीच."

"म्हणजे ते कुठून आलं, हे मला सापडत नाही." ते थोडा वेळ कारंज्याकडे बघत बसले. "आणि अजून मला राग येतो, हेही सांगून ठेवतो. आई व्हरांड्यात दम खात थांबली की येतो. तीन वर्षं ती सहाव्या मजल्यावर होती, हे आठवतं."

मी म्हटलं, येणारच. 

गेल्या नाताळात सासूबाईंनी हट्ट धरला की सून जाते ते ठिकाण बघायचं. त्यांना एकटं कसं पाठवायचं, म्हणून हेही आले. मुलीसह तिघं शेवटच्या रांगेत बसले, सासूबाई कानटोपीत. ढोलकी आणि पेटीवर पंजाबी गाणी सुरू झाली तशी त्या मुलीला मोठ्याने म्हणाल्या, "हे तर भजनच आहे की!" पास्टर बोलत असताना मी हळूच मागे पाहिलं. नवऱ्याची मान वर होती, डोळे छताकडे. माझं मन भरून आलं. मी खरंच मानलं की काहीतरी घडतंय.

बाहेर आल्यावर ते पास्टरांकडे गेले आणि म्हणाले, "पश्चिमेच्या कोपऱ्यात ओल उतरतेय. स्लॅबला तडा असणार. अजून दोन पावसाळे काढलेत तर पोपडे डोक्यावर पडतील."

पुढच्या रविवारी ते शिडी घेऊन गच्चीवर होते. तेव्हापासून महिन्यातून एक-दोनदा माझ्याबरोबर येतात. पास्टर आणि ते वर उभे राहून तासन्‌तास बोलतात. पास्टरांच्या हातात आता वॉटरप्रूफिंगचे कागद असतात. मंडळीतल्या बायका माझा हात दाबतात, "बहनजी, अब ज़्यादा दिन नहीं." नवऱ्याच्या कानावर ते गेलं. गाडीत बसताना म्हणाले, "त्यांना सांग, मी छतासाठी येतो. गैरसमज नको."

"सांगते," मी म्हटलं, आणि सांगितलंही.

त्यांनी अजून विश्वास ठेवलेला नाही. ठेवतील की नाही, मला माहीत नाही. पूर्वी या वाक्यानंतर मी लगेच 'पण' लिहिलं असतं. सकाळी दूध तापवून झालं की मी व्हरांड्यात बसते, त्यांचं नाव घेते, आणि हा माणूस मला दिलास म्हणून आभार मानते. काही दिवशी तेवढ्यावरच थांबते. काही दिवशी स्पष्ट म्हणते, त्यांना तू भेटावास असं मला फार वाटतं. मग आतून सासूबाई हाक मारतात, "चहा ठेवतेस की मी ठेवू?" आणि मी उठते, कारण त्या ठेवायला गेल्या तर आलं फार घालतात.